वाकळेतली रिकामी जागा

माझ्या थोरल्या मेव्हणीइतकं कापडाला हावरं माणूस उभ्या कोल्हापुरात झालं नाही, आणि हे मी, सगळी हयात मागावर काढलेला माणूस सांगतोय. शाळा माझी तिसरीपर्यंतच, पण कापडातलं मला कुणी शिकवायला येऊ नये. त्यांना सगळे आक्का म्हणत. आक्का माणसाकडे बघतच नसत, त्याच्या अंगावरच्या कपड्याकडे बघत. दारात आलेल्या परक्यालाही पाण्याआधी विचारायच्या, "पावणं, कॉलर झिजलीया की! सदरा टाकताय कवा?" पावणा घोट घ्यायच्या आत त्याच्या शिवणीवर यांचा अंगठा फिरलेला असे. पोलक्याच्या डाव्या खांद्यावर दोरा ओवलेल्या तीन सुया कायम टोचलेल्या. त्यामुळे लग्नाकार्यात बायका एकमेकींच्या गळ्यात पडायच्या, आक्कांच्या मात्र लांबनंच पाया पडायच्या. कात्री घरात नव्हतीच. कापड दातात धरून टर्रकन फाडायचं. "कात्रीला काय कळतंय कुठं विरलंय ते? दाताला कळतंय." पुढचे दोन दात गेले तेव्हा वाटलं, आता तरी कात्री येईल. आक्का उजवीकडच्या दातांवर आल्या.

हा सगळा खटाटोप जुन्या कपड्यांची ठिगळं जोडून शिवायच्या वाकळांसाठी. नात्यातली पोरगी न्हाण येऊन शहाणी झाली, बायका तिची ओटी भरून घरी गेल्या, की आक्का पिशवी घेऊन हजर. घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याकडून एकेक कपडा मागायच्या. आजीचं लुगडं, चुलत्याचा पटका, आईचा शालूसुद्धा. मग पोरीच्या हातात सुई देऊन चार महिने तिच्याबरोबर वाकळ शिवायच्या. कुठलं ठिगळ कुणाचं, तो माणूस कशावर रुसायचा, कशाला भ्यायचा, हे टाक्याटाक्याला सांगायच्या. पोरगी सासरी जायची ती सगळं घर पाठ करून. नेम मात्र एकच, टाकाऊ कपडा चालणार नाही. "देताना पोटात कालवलं पायजे. हसत दिलेलं मी लावत न्हाय."

आमची मंगल शहाणी झाली तेव्हा आक्का आमच्या गावी, कबनूरला आल्या आणि थेट माझ्या ट्रंकेकडे बोट केलं. त्यात माझा पांढरा सदरा होता. पंधरा वर्षं दुसऱ्याचे माग चालवून स्वतःचा माग घेतला, त्यावर निघालेल्या पहिल्या कापडाचा. वर्षातनं एकदा, दसऱ्याला घालायचो.

"कोरं ठाण देतो, पायजे तेवढं फाडा," मी म्हणालो.

"कोऱ्या कापडाला घाम न्हाय, दाजी."

"मग सदरा न्हाय मिळणार."

"मग मीबी दुसरं लावत न्हाय."

मीही काही कमी नव्हतो. आमच्या कामगाराचा जुना सदरा मागून घेतला, धुऊन, घडी घालून आक्कांपुढे ठेवला. आक्कांनी खिसा उलटा केला. "ह्यो तुमचा न्हवं. तुमच्या खिशाला तंबाखूचा डाग न्हाय, असं कवा झालंय?" सगळं घर हसलं. आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

वाकळ पुरी झाली, मधोमध वीतभर चौकोनी भोक ठेवून. दोन वर्षांनी मंगलचं लग्न कागलला झालं, तरी भोक तसंच. जाताना मंगलनं वाकळेची घडी अशी घातली, की भोक आत जावं, सासरच्यांना दिसू नये. बापाची अब्रू झाकली पोरीनं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या, ती घडी सोसवेना.

मंगल पहिल्या सणाला माहेरी आली, तशी तिला, वाकळेला आणि सदऱ्याला घेऊन मी कोल्हापूर गाठलं. आक्कांनी सदरा हातात घेतला, माझ्या तोंडाकडे बघितलं.

"लई जड जातंय?"

"व्हय."

"मग चालतंय." टर्रकन फाडला.

मंगल टाके घालत होती. मी एकेक ठिगळ ओळखत बसलो, तेव्हा ध्यानात आलं. वाकळेत सगळे होते, फक्त आक्का नव्हत्या.

"आक्का, तुमचं ठिगळ कुठं हाय?"

त्या दोरा ओवत राहिल्या. "माझं? मला कुणी मागितलंय?"

इतक्या पोरींच्या वाकळा शिवल्या या बाईनं, पोटची लेक नसताना. मी जन्मात कुणापुढं हात पसरला नाही, आणि त्याचा मला गर्व आहे. त्या दिवशी पसरला.

"पोलकं द्या. सुया टोचलेलं."

"न्हाय, दाजी. लई दिसांचं हाय ते. अंगाला बसलंय."

"म्हणूनच मागतोय की."

डोळ्यांना पदर लावत आक्का आत गेल्या. बाहेर आल्या त्या दुसरं पोलकं घालून. सुयांनी चाळण झालेला तो डावा खांदा माझ्या सदऱ्याशेजारी लागला.

आक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा मंगलची लेक कागलहून आली. पोरगी नुकतीच शहाणी झालेली, झग्याच्या खांद्यावर सुई टोचलेली. आल्या आल्या तिनं माझ्या कोटाच्या बाहीवर अंगठा फिरवला.

"आज्जा, ह्यो कोट द्या की."

तिथल्या तिथं काढून द्यावा, असं झालं मला. पण हसत दिलेलं आक्कांना चालायचं नाही. मी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि म्हणालो, "न्हाय मिळणार."