नागपूरकरणीचा देवचार

नागपूरकरणीला एखादी गोष्ट एकदा सांगून पटली, असं मी कधी पाहिलं नाही. नाव चांगलं होतं तिचं, पण घरात सगळे नागपूरकरीणच म्हणत. अमेरिकेत कॅरी नावाच्या गावी माझ्या मुलाच्या घरी वरच्या खोलीत ती भाड्याने राहायची. गेमच्या कंपनीतली नोकरी गेलेली, व्हिसाची मुदत संपत आलेली. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळाली नाही तर परत जायचं. नोकरीसाठी कॉम्प्युटरवर एक मूर्ती घडवून दाखवायची होती. अमेरिकेत कोणाकडे नसेल असं काही हवं, म्हणून बाईंनी आमच्या कोकणातला देवचार धरला. आणि विचारायचं कोणाला? मला.

मी शाळा चौथीपर्यंत. पण गावच्या देवचाराच्या वहाणा पंचवीस वर्षं मी शिवल्या आहेत. देवचार म्हणजे गावाची सीव, हद्द राखणारा देव. फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून दरवर्षी नवा जोड ठेवायचा नि जुना उचलायचा.

पहिल्यांदा तिने दाखवला तेव्हा माझं डोकंच फिरलं. शिंगं, सुळे, आणि पाय उलटे!

"अगं, उलटे पाय भुताचे. हा राखणदार. शिंगं कशाला? बैल आहे का तो?"

"काका, पण कूल दिसते ना जी!"

हातात पेनासारखी काडी, आणि पडद्यावर बोटाला न लागणारी माती. चुकलं की पुसलं, पुन्हा चुकलं की पुन्हा पुसलं. चामडं एकदा कापलं की कापलं, म्हणून आम्ही आधी विचार करायचो. हे ऐकवलं की ती कानाला हेडफोन लावायची.

वहाणांत तर आठवडा गेला. जुन्या जोडाची डावी टाच दरवर्षी बाहेरच्या अंगाने झिजलेली असायची, उजवी सरळ. म्हणजे डावा पाय तो जरा फेंगडा टाकतो. हिने डावी झिजवली की उजवी आपोआप तशीच. कॉम्प्युटर एका बाजूचं काम दुसऱ्या बाजूलाही करतो, आणि ते बंद करायला ही विसरायची. "सिमेट्री ऑन राहिली, यार!" तीनदा! वर मलाच ड्राइव्हवेवर अनवाणी, फेंगडं चालायला लावून फोनवर व्हिडिओ केला. कुत्री फिरवणारे लोक थांबून बघत होते.

शेवटी पाय असे उतरले की मला चूक काढता येईना. मग म्हणते, "आणि चेहरा?"

"तो मी पाहिलेला नाही. गावात कोणीच नाही. न पाहिलेलं करू नकोस."

तिने त्याच्या डोक्यावरची घोंगडी कपाळावरून पुढे ओढली, आत काळोख ठेवला.

कंपनीवाल्यांना सगळं आवडलं. टाच मोठी करून करून पाहिली म्हणे. फक्त दोन दिवसांत चेहरा करून पाठवा, म्हणाले.

"कर कसाही," मी म्हटलं. "इथे कोण ओळखतंय त्याला?"

"नाही काका. कोणीच पाहिला नाही म्हणाले ना तुम्ही."

"अगं, मी अडाणी माणूस! माझं काय ऐकतेस?"

मुलाने सांगितलं, सुनेने सांगितलं. बाई ढिम्म. कंपनीने दुसऱ्या कोणाला घेतलं. व्हिसाची मुदत संपली, ती परत गेली.

आता नागपूरहून फोन करते. मी दरवेळी सुनावतो, "एक तोंड केलं असतंस तर आज इथे असतीस."

"तुम्ही केलं असतं काय जी?"

मी फोन सुनेकडे देतो.