दार उघडलं पाहिजे

कांजूरमार्गच्या एका मोटार कंपनीत मी ड्रॉइंग ऑफिसला लागले, तेव्हा मोटारीच्या पुढच्या सीटवर मी आयुष्यात दोनदाच बसले होते, दोन्ही वेळा लग्नाला जाताना. नाहूरच्या आमच्या सोसायटीत एकच गाडी होती आणि ती बहुतेक वेळ कव्हराखाली असायची. पण डिप्लोम्याला मला मार्क चांगले होते आणि माझा हात सुबक होता. तेव्हा, ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत, ड्रॉइंग शाईच्या पेनने ट्रेसिंग पेपरवर निघायचं, त्यामुळे सुबक हाताला किंमत होती. खात्यात मुलगी मी एकटीच.

दोन वर्षं मी बिजागऱ्या, हँडलं आणि डिकीची झाकणं काढली. मग एका सकाळी आमच्या खात्याच्या साहेबांनी मला मागच्या यार्डात नेलं. तिथे अपघातातली आमचीच एक गाडी आणून ठेवली होती. पुढून ठोकर बसलेली. बॉनेट जेमतेम दबलं होतं, पण दारापुढचा खांब मागे सरकून दार चौकटीत गच्च रुतलं होतं. आतल्या माणसांना फारसं लागलं नव्हतं. तरी पत्रा कापेपर्यंत ती तासभर आतच अडकून होती.

"गाडी चेपली तर चेपू दे," साहेब म्हणाले. "माणसं बसतात ती जागा चेपता कामा नये. आणि नंतर दार उघडलं पाहिजे. तू यावर काम कर."

मला इतका आनंद झाला की विचार करायचं राहूनच गेलं. जिथे वाकतंय तिथे जाड करायचं, एवढं मला कळत होतं. बॉनेटखालून आतपर्यंत जाणारे दोन लांब दांडे असतात, त्यांना मी सरसकट जाड पत्रा लावला आणि वर पट्ट्या मारल्या. ड्रॉइंग देखणं झालं. ते घेऊन मी नमुने बनवायच्या शेडमध्ये गेले.

तिथे एक फिटर काका होते. मूळचे मालवणकडचे, आयुष्यभर परळच्या एका गिरणीत पत्र्याचं काम केलेले. गिरणी बंद पडल्यावर पन्नाशीत इथे आले होते, म्हणजे कंपनीत माझ्याहूनही नवे. ते मला बाय म्हणायचे. त्यांनी ड्रॉइंग बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, की पुढे सगळंच एवढं कडक केल्यावर मार जाणार कुठे. मी त्यांना हिशेब समजावून सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि मी काढलं होतं अगदी तसंच बनवून दिलं.

चाचणी शनिवारी दुपारी व्हायची. यार्डाच्या टोकाला काँक्रीटचा मोठा ठोकळा होता. गाडीला दोर बांधायचा, तो कप्पीवरून ट्रकला जोडायचा. ट्रक पळाला की गाडी ठोकळ्याकडे ओढली जायची आणि आदळण्याच्या जरा आधी दोर सुटायचा. माणसांच्या जागी भुसा आणि लोखंडाचा चुरा भरलेली दोन पोती बसवलेली. कुणीतरी त्यांतल्या एकाला टाय बांधला होता.

गाडी आदळली. पुढचा भाग जवळजवळ जसाच्या तसा राहिला. माझे जाड दांडे सरळच्या सरळ मागे घुसले आणि खांबाला घेऊन आत आले. दार दोघांनी पहार लावून ओढलं तरी हललं नाही. अपघातातल्या त्या गाडीपेक्षा माझी गाडी वाईट होती. साहेब रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्तच लागलं.

सगळे जेवायला गेले. मी शेडच्या पायरीवर बसून राहिले. काका त्यांचा डबा घेऊन शेजारी येऊन बसले आणि न विचारता अर्धी भाकरी माझ्या हातात दिली. ती मोडता मोडता मीच म्हणाले, "काका, तुम्हाला आधीच कळलं होतं ना? मग सांगितलं का नाहीत?"

"सांगलंय मा," ते म्हणाले. "तू आयकूक नाय."

खरंच होतं. मग मी ऐकलं. त्यांनी रॉकेलचे दोन रिकामे डबे आणले. एकाची एक बाजू कात्रीने कापून काढली आणि मला दोन्हींवर आळीपाळीने उभं राहायला सांगितलं. कापलेला डबा माझ्या वजनाने लगेच बसला. बंद डबा कुरकुरलासुद्धा नाही. पत्रा तोच, जाडी तीच. आमच्या गाडीत दाराखालचा उंबरा आणि तो खांब, दोन्ही एका बाजूने उघडे होते. मग त्यांनी पत्र्याची एक पट्टी घेतली, हलकेच दुमडून पुन्हा सरळ केली आणि दोन्ही टोकांनी दाबली. ती जिथे आधी दुमडली होती तिथेच वाकली. पुन्हा दाबली, पुन्हा तिथेच.

"घडी खय पडाची, ता आपण ठरवचा," ते म्हणाले. "पत्र्यार सोडूचा नाय."

त्या दुपारी मी घरी गेले ती जवळजवळ उड्या मारतच. पुढचे दोन महिने आमचं दोघांचं भांडण आणि काम एकत्रच चाललं. उंबरा आणि खांब आतून पत्रा लावून डब्यासारखे बंद केले. पुढचे दांडे मात्र पुन्हा पातळ केले आणि त्यांच्यावर ओळीने खाचा पाडल्या, म्हणजे ठोकर बसली की पुढचा भाग घडीवर घडी पडत मिटत जाईल आणि मार तिथेच जिरेल. खाचा किती खोल, यावर आमचं तीनदा वाजलं. दोनदा ते बरोबर निघाले, एकदा मी. ज्या दिवशी मी बरोबर निघाले त्या दिवशी त्यांनी शेडमधल्या सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या चाचणीला कँटीनपासून पेंटशॉपपर्यंतची माणसं जमली होती. मी पाहूच शकत नव्हते. ठोकळ्याकडे पाठ करून उभी राहिले आणि फक्त आवाज ऐकला. या वेळचा आवाज वेगळा होता, लांबलेला, मऊ. वळून पाहिलं तर गाडीचं नाक पार मिटून गेलं होतं आणि खांब जागेवर सरळ उभा होता.

कुणी पुढे होईना. शेवटी काकाच गेले. त्यांनी हँडलला हात घातला, आणि दार घरचं कपाट उघडावं तसं उघडलं. त्यांनी ते लावलं, पुन्हा उघडलं. मग टायवाल्या पोत्याला बाजूला सरकवून स्वतः आत जाऊन बसले आणि मला हाक मारली, "ये गो बाय, बस." मी पलीकडचं दार ओढलं. तेही उघडलं, आणि तिथलं पोतं सरकवून मीही बसले. आम्ही दोघं त्या चेपलेल्या गाडीत बसून वेड्यासारखे हसत होतो आणि बाहेर लोक टाळ्या वाजवत होते. साहेबांनाही आत बसायचं होतं, पण मागे जागा असूनही ते खिडकीशीच उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून असेल.

पक्क्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं नाव असतं. तपासणाऱ्याच्या जागी काकांचं नाव यावं, असं मी साहेबांना म्हटलं. फिटरचं नाव ड्रॉइंगवर घालायची पद्धत नव्हती. साहेबांनी दोन दिवस घेतले आणि हो म्हणाले. काकांनी पूर्ण नाव मराठीत लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि शाई वाळेपर्यंत कुणाला कागदाजवळ येऊ दिलं नाही.

बदललेली पहिली गाडी बाहेर पडली तेव्हा ट्रायलच्या ड्रायव्हरने आम्हाला फेरी मारायला नेलं. काकांनी बायकोला बोलावलं होतं, मी आईला. घाटकोपरवरून अंधेरी आणि तिथून सरळ जुहू. मी पुढे बसले होते आणि वाटेभर काका मागे माझ्या आईला सांगत होते, की आपण बसलोय त्याच्या खाली काय काय आहे. आईला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती प्रत्येक वाक्याला हो हो म्हणत होती आणि मधूनच माझ्याकडे बघत होती. चौपाटीवर आम्ही भेळ खाल्ली. काकी त्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभ्या होत्या आणि नवऱ्याने बनवलेल्या गाडीला टेकून भेळ खाताना त्या इतक्या ऐटीत दिसत होत्या की येणारेजाणारे वळून बघत होते.