प्रेशरकाकांच्या गाडीची हवा

प्रेशरकाकांनी तीस वर्षं बस चालवली, पण टायरची हवा मोजल्याशिवाय सकाळचा चहा कधी घेतला नाही. निवृत्त झाले तरी मीटर शर्टाच्या खिशातच, लोक पेन ठेवतात तिथे. हवेच्या बाबतीत त्यांना कोणी शहाणपण शिकवायला गेलं, तर काका त्याची अशी हजेरी घेत की तो पुन्हा त्या वाटेला जात नसे.

यंदा मात्र त्यांच्या गल्लीनं कधी पाहिली नव्हती अशी थंडी पडली आणि आक्रीत घडलं. त्यांच्या मोटारीत दुपारी तेहतीस पौंड भरलेली हवा पहाटे तीस! चारही चाकांत. आणि ऊन चढलं की पुन्हा तेहतीस.

काकांनी आरोपी लगेच शोधला. शेजारचा घड्याळजी! गेल्याच आठवड्यात तो बुद्धिबळात हरला होता. पहाटे हवा सोडतो आणि दुपारी मन खायला लागलं की गुपचूप भरून ठेवतो, दुसरं काय? पंचवीस वर्षांची दोस्ती, पण 'माझी हवा कोण सोडतं ते मला कळतं' असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणून काकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. संध्याकाळी डावाशिवाय त्यांना करमेना, पण नमतील ते काका कसले!

आठव्या दिवशी पहाटे काकूंनी विचारलं, "अहो, स्टेपनीत किती आहे?"

डिकीला कुलूप, किल्ली काकांच्या उशीखाली. त्यांनी डिकी उघडून मोजली. तिथेही तीन कमी.

"मग? घड्याळजी भाऊजी डिकीत मुक्कामाला असतात का?" काकू म्हणाल्या. "थंडीनं हवा आकसते हो. तुम्ही नाही पांघरुणात मुटकुळं करून झोपत?"

काका ओशाळले. जन्मभर हवा मोजली आणि एवढं कळू नये! त्याहून वाईट म्हणजे चांगल्या माणसावर आळ घेतला. तसेच तडक ते शेजारी गेले.

घड्याळजींनी दार उघडलं. अंगावर घोंगडी, नाक लालबुंद. खिडकीशी खुर्ची मांडलेली, तिथून काकांची गाडी सरळ दिसत होती.

"आठ दिवस पहाटे चारपासून पहारा देतोय," ते शिंकत म्हणाले. "एक कुत्रं सोडून कुणी फिरकलं नाही बघ."

काकांनी कबूल केलं, "अरे, मला तुझाच संशय होता."

"ठाऊक आहे," घड्याळजी म्हणाले. "चोर सापडल्याशिवाय तू बोलणार नव्हतास ना!"