तापीच्या चढावर तुटलेला जॉइंट

एखाद्या गॅरेजवरून जाताना ग्रीसमध्ये भिजलेल्या गोणपाटाचा वास आला की मला अजून संताप येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी नंदुरबार-शहादा ही उतारूंची सर्व्हिस मोटार चालवायचो. क्लच सोडला की खालून खट्ट आवाज यायचा, आणि वेग घेतला की पायाखालची फळी थरथरायची. मागची चाकं फिरवणाऱ्या दांड्याचा जॉइंट झिजला होता, हे मला कळत होतं तसं मालकालाही कळत होतं. म्हणून तर त्याने त्यात ग्रीस लावलेलं गोणपाट कोंबलं आणि म्हणाला, "आवाज गया ना? मंग काढ गाडी." पार्ट मिळत नव्हते हे खरं, पण गाडी उभी ठेवता येत होती. पर्वणीच्या दिवशी प्रकाशा गावापाशी तापीच्या पात्रातून वर चढताना तो जॉइंट तुटला. हातब्रेकही त्याच दांड्यावर होता, तोही गेला. पायाचा ब्रेक भरल्या गाडीला पुरला नाही. गाडी माणसांसकट मागे घरंगळली, वाळूत रुतली आणि एका म्हातारीचा हात मोडला. मालकाने देवळात जाऊन नारळ फोडला. मी तुटका जॉइंट काढला, तसाच ग्रीस निथळता त्याच्या दुकानात नेला आणि पांढऱ्या गादीवर त्याच्यासमोर ठेवला. त्याने जॉइंटकडे पाहिलं नाही, म्हातारीचं विचारलं नाही. "चादर खराब करी टाकी तू," एवढंच म्हणाला. आज इतक्या वर्षांनी मला एकच वाटतं, तो जॉइंट गादीवर ठेवायला नको होता, त्याच्या मांडीवर टाकायला हवा होता.