तित्तिरांची कार्डं

दादा आणि मी मुलुंडच्या या दोन खोल्यांत तीस वर्षं राहिलो. लग्नं दोघांचीही राहिली. त्याचं पक्ष्यांपायी आणि माझं, तो म्हणायचा, जिभेपायी. रविवारी आम्ही मागच्या डोंगरावर जायचो आणि घरी आल्यावर तो बुटांच्या खोक्यातल्या कार्डांवर नोंदी करायचा. प्रत्येक कार्डाखाली दोन सह्या असायच्या, लिहिणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. लिहायचा कायम तोच. मी तपासायचे, म्हणजे चुका काढायचे आणि भांडायचे.

कार्डं पक्ष्यांच्या नात्यांप्रमाणे लावलेली होती. राखी तित्तिर आणि रंगीत तित्तिर एकाच रबरबँडमध्ये. दोघंही गवतातून तुरुतुरु पळणारे, अगदी पायाखाली येईपर्यंत न उडणारे.

"सारखे वागतात म्हणून एका घरातले झाले का रे?" मी एकदा विचारलं होतं.

"पुस्तकात तसं आहे. पुस्तक बदललं तर कार्ड बदलू. आपल्या खोक्यात चुकीचं काही नको."

मागच्या वर्षी दादा गेला. खोका मी कपाटावर ठेवून दिला. परवा मोबाइलवर पक्ष्यांची नवी यादी पाहत होते. शास्त्रज्ञांनी जनुकं तपासून तित्तिरांची फेरवाटणी केली होती. रंगीत तित्तिर जुन्याच गटात राहिला होता, राखी दुसऱ्या गटात गेला होता. बदल काही वर्षांपूर्वीचा, आम्हाला पत्ताच नव्हता. म्हणजे माझंच खरं होतं! "दादा, बघ!" म्हणत मी मोबाइल घेऊन थेट स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर माझ्या एकटीचा कप होता. मला दादाचा भयंकर राग आला.

तीन दिवस खोक्याला हात लावला नाही. कार्ड बदलायचं म्हणजे त्याचं अक्षर खोक्यातून काढायचं. न बदलावं तर त्याच्याच खोक्यात चूक ठेवायची. शेवटी काल दुपारी खोका खाली काढला, रबरबँड सोडला आणि राखी तित्तिराचं नवं कार्ड लिहिलं. माझं अक्षर त्याच्यापेक्षा वाईट आहे. त्याचं जुनं कार्ड पाकिटात घालून माझ्या उशीखाली ठेवलं.

लिहिणाऱ्याच्या जागी सही केली. शेजारची जागाही मीच भरली असती तर कोण विचारणार होतं? पेन टेकवलं होतं, पण उचललं. दादाला ते चाललं नसतं.

कार्ड तसंच खोक्यात लावलं. त्यात एखादी चूक असेलही. ती काढायला आता कोणी नाही.