गोकुळचं लायसन

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. परवा दोघांना सांगितलं, आता तुम्हाला सांगतोय. बायकोला सांगायचं अजून बाकी आहे — तिथे जी गत व्हायची ती होवो.

गोकुळ माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. जळगावात राहतो, स्वतःच्या पिकअपनं ठिबकच्या नळ्या शेतोशेती पोचवतो. लायसन म्हणजे त्याची भाकरी. तेच तीन महिन्यांसाठी निलंबित झालं. कानाला फोन, लाल सिग्नल तोडला, एका स्कूटरवाल्या आजोबांना धक्का बसला आणि त्यांचा हात मोडला. एवढं सगळ्या नात्यागोत्यात माहीत आहे. काय माहीत नाही — सांगतो, थांबा.

ते तीन महिने गोकुळनं डाळमिलमध्ये पोती उचलली. मी अधूनमधून जायचो, चहा प्यायचो, 'होईल रे सगळं नीट' म्हणायचो. मोठा शहाणा! आरटीओत कुणाला भेटायचं, कुठल्या खिडकीशी उभं राहायचं, ते मीच बघत होतो. सासरे, म्हणजे गोकुळचे आबा, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, जावई असावा तर असा. आणि मी? मी हसायचो. ते हसणं आठवलं की स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटते.

कारण गाडी मी चालवत होतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सोनगीरला सासरवाडीला गेलो होतो. मांडे-रस हाणला. बायको माहेरीच राहिली, आम्ही दोघे परत निघालो. 'आण रे, मी चालवतो' म्हटलं — जावयाला नाही कोण म्हणणार? जळगावात शिरलो आणि ऑफिसातून फोन आला. तो मी घेतला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. गोकुळनं आधी आजोबांना उचलून सावलीत बसवलं, मग मला बाजूला सरकवून स्वतः स्टिअरिंगवर बसला. म्हणाला, "दाजी, तुम्ही गप बसा. जावयाला चौकीत बसवलं तर आबा मला दारात उभं करतील का?" आमच्याकडे जावयावर बालंट येऊ देत नाहीत. आणि मी गप बसलो. सरकारी नोकरी होती, भीती होती — पण भीती कुणाला नसते?

एवढंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण खरं पाप पुढेच आहे.

त्याच दिवसांत गोकुळसाठी एरंडोलचं स्थळ आलं. मुलगी त्याला फार आवडली होती; मोबाइलमधला तिचा फोटो त्यानं मला दोनदा दाखवला. मुलीचे वडील, नाना, सरळ माणूस. लायसनचं त्यांच्या कानावर गेलंच होतं. मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही घरचे जावई, खरं सांगा. पोरगा पितो का? बेफाम चालवतो का?"

मी म्हणालो, "पीत नाही. गाडीवर जरा घाई करतो."

काय गरज होती? कोणी दबाव टाकला होता? माझंच खोटं पक्कं राहावं म्हणून मी त्या पोरावर आणखी एक थर चढवला. आठवड्यात नकार आला. गोकुळ म्हणाला, "जाऊ द्या दाजी, नशिबात नही शे." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हो, हात ठेवला!

परवा लायसन परत मिळालं. आरटीओतल्या साहेबांनी आधी गोकुळला झापलं, लोकांच्या जिवाशी खेळता म्हणून. तो हात जोडून म्हणाला, "चूक झाली साहेब, पुन्हा नाही होणार." माझी चूक, माझ्याच शेजारी उभं राहून. बाहेर येऊन त्यानं लायसन कपाळाला लावलं आणि इतका हसला! "चला सोनगीरला, आबांना दाखवू." मलाही सुटल्यासारखं वाटलं. आता कोण विचारणार होतं?

गाडी गावाबाहेर पडली आणि तो सहज बोलला, "एरंडोल आलं की तो फोटो आठवतो दाजी."

मग नाही राहवलं. नानांशी बोललेलं सगळं सांगून टाकलं. एरंडोलात त्यानं गाडी नानांच्या दारात नेऊन उभी केली. म्हणाला, "उतरा. आत जाऊन सांगा."

गेलो. सांगितलं. कोण चालवत होतं, कोण गप बसलं, घाई कुणाला होती — सगळं. मग नानांनी विचारलं, "पोरगा कुठे आहे?"

"बाहेर, गाडीत."

"त्याला आत पाठवा," ते म्हणाले. "तुम्ही बाहेरच थांबा."

गोकुळ आत गेला. मी पिकअपमध्ये एकटाच बसलो. मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. आणि खरं सांगू? किती तरी दिवसांनी मला पोटभर श्वास घेता आला.