मधला हात

चूक माझी होती. टॉवर नसला तरी फोनवरून फोनवर निरोप पोचवणारं ॲप आम्ही बनवत होतो. डोंगरातल्या चाचणीत टीममधली माधवी निरोप पाठवत होती आणि मधला फोन माझा होता. बॅटरी टिकावी म्हणून मी त्यात दुसऱ्यांचे निरोप पुढे पाठवणं बंद केलं आणि परत सुरू करायला विसरलो. निरोप अडले. सगळ्यांनी माधवीच्या कोडला दोष दिला, तिच्याकडून ते काम काढून घेतलं. खरं काय ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी गप्प राहिलो.

आज ऑफिसच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचा स्लॅब टाकला जाताना पाहत होतो. काँक्रीटची घमेली हातोहात वर चढत होती. मधला एकजण तंबाखू मळायला थांबला, तशी खालची बाई ओरडली, "ए भाऊ, थांबतोस तू, आणि मुकादम बोलतो मला!" सगळे हसले. तोही ओशाळून हसला आणि हात पुढे केला.

वरचा हात घेईल या भरवशावरच तर ती घमेलं उचलत होती. माधवीनेही तेवढ्याच भरवशाने निरोप पाठवले होते.

मी तिच्या टेबलाशी जाऊन सगळं सांगितलं.

"माहीत आहे, सर," ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. "निरोप कुठे अडले ते मी तेव्हाच पाहिलं होतं. तुम्ही स्वतः सांगाल असं वाटलं होतं."

मी टीममधल्या सगळ्यांना तिथेच बोलावलं आणि म्हणालो, "निरोप माझ्या फोनने अडवले होते. माधवी, मला माफ कर."